मास्टर्स करायचंय, पण कशात?

दिवाळीच्या सुट्ट्या नुकत्याच संपल्या होत्या. मुखेड तालुक्यातले एक वडील आणि इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेला त्यांचा मुलगा माझ्याकडं घरी आले. वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली आणि फाईलमधून एका सल्लागार कंपनीनं छापून दिलेली आठ अमेरिकी विद्यापीठांची यादी. ती माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "सर, लेकराला ह्यातलं कुठलं घ्यावं तेवढं सांगा. दोन एकर विकायची तयारी आहे आमची."

मी मुलाला विचारलं, मास्टर्स कशात करायचंय? तो म्हणाला, "ईसीईत." ईसीईत कशात? तो यादीकडं बघत राहिला.

हा मुलगा हुशार होता. सगळे विषय पहिल्या झटक्यात सुटलेले, एकही बॅकलॉग नाही. तरी त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नांदेड-लातूर भागातल्या मुलांना मी पंधराएक वर्षं शिकवतोय, आणि मास्टर्सच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच पाहिली आहे. आधी देश ठरतो, मग विद्यापीठ, मग कर्ज. विषय ठरतो विमानात बसल्यावर, नाहीतर आयआयटीच्या वसतिगृहात पोचल्यावर.

त्या तीन अक्षरांपासूनच सुरुवात करू. आपल्याकडं ईसीई म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन. अमेरिकेत त्याच अक्षरांचा अर्थ बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असा होतो. एकाच विभागात वीजवहनापासून प्रोसेसरच्या रचनेपर्यंत सगळं असतं: पॉवर सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल, सिग्नल प्रोसेसिंग, कम्युनिकेशन, व्हीएलएसआय, एम्बेडेड, संगणकाची रचना, मशिन लर्निंग. पदवीवर नाव एकच छापलं जातं, पण आत शिरणारा विद्यार्थी यातल्या एका, फार तर दोन खोल्यांत राहतो. एखादं विद्यापीठ चिप डिझाइनला नामांकित असेल आणि पॉवरला तिथं दोनच प्राध्यापक असतील. तुम्हाला पॉवर करायचं असेल तर त्या विद्यापीठाच्या एकूण क्रमांकाचा तुम्हाला काय उपयोग?

बी.टेक.ला चार वर्षांत चाळीसेक विषय असतात आणि ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. मास्टर्सला विषय मोजके, त्यातही बरेच आपण निवडायचे, आणि प्रबंध करणार असाल तर एका प्रश्नाशी वर्षभर झगडायचं. तो प्रश्न कुठल्या भागातला असावा हे आधी कळलं पाहिजे. कसं कळणार? मी मुलांना गावाकडं जाऊन बघायला सांगतो. हे ऐकून काहींना मी टाळतोय असं वाटतं, म्हणून दोन उदाहरणं सविस्तर देतो.

पहिलं डीपीचं. फीडरच्या टोकाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, रब्बीत काय होतं हे आपल्यातल्या प्रत्येकानं पाहिलंय. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्यासाठी सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी चालतात आणि व्होल्टेज पडतं. मोटारीला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापतं. एखादा फेज गेला तर उरलेल्या दोघांवर भार येतो आणि मोटार जळते. शिवाय रात्री उठून विहिरीवर जायला नको म्हणून बहुतेकांनी ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट आली रे आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना इंडक्शन मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. तो सगळा झटका डीपीवर. डीपी जळते, आठ-आठ दिवस बदलून मिळत नाही, आणि पीक वाळतं.

आता यात नवी भर पडली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून, विशेषतः २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यापासून, उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत, म्हणजे शेतीला दिवसा वीज मिळावी. शेतकऱ्याची रात्रपाळी सुटणार, ही मोठी गोष्ट आहे. पण इंजिनिअरसाठी इथून नवे प्रश्न सुरू होतात. भर दुपारी पंप कमी चालू असतील आणि ऊन कडक असेल तर प्रकल्पाजवळचं व्होल्टेज वर चढतं. ढग आला की मिनिटाभरात उत्पादन घसरतं. सौर प्रकल्पातला इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर देऊन-घेऊन हे व्होल्टेज सांभाळू शकतो, पण किती, केव्हा, आणि फीडरच्या टोकाचं व्होल्टेज त्याला कळणार कसं? जगभरच्या पॉवर सिस्टिमच्या प्रयोगशाळांत आज यावर काम चालू आहे. तुमच्या वावरातल्या डीपीवर तोच प्रश्न उभा आहे.

दुसरं उदाहरण लातूरच्या मोंढ्यातलं. सोयाबीनचा काटा होण्याआधी मूठभर दाणे एका छोट्या यंत्रात टाकतात, आकडा येतो आणि त्या आकड्यावर भाव पडतो. मॉइश्चर. हमीभावानं खरेदी करताना १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, एवढा त्या आकड्यावरून गदारोळ झाला होता. हे यंत्र बहुतेक वेळा कपॅसिटन्सवर चालतं. पाण्याची परमिटिव्हिटी ८० च्या आसपास, कोरड्या दाण्याची त्या मानानं अगदी थोडी. म्हणून दाणे दोन प्लेटांमध्ये भरले की कपॅसिटन्सवरून ओलावा काढता येतो. उदगीरकडची एक मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला होती. वडिलांचं सोयाबीन घरच्या मीटरवर १२ आणि मोंढ्यात १४ आलं, यावरून घरात झालेलं भांडण तिनं ऐकलं होतं. तिनं एकाच पोत्यातले दाणे तीन मीटरवर मोजले. तीन आकडे आले. मग तेच दाणे प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळवून आधीचं-नंतरचं वजन केलं आणि खरा आकडा काढला. उन्हात तापलेले दाणे आणि सावलीतले दाणे वेगवेगळा आकडा देतात, दाणे सैल भरले की दाबून भरले यानंही फरक पडतो, हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. सेन्सर, कॅलिब्रेशन, सिग्नल प्रोसेसिंग हा आपला विषय आहे हे तिला त्या महिनाभरात कळलं.

डीपीची गोष्ट वाचताना तुमची मान वर झाली की मीटरची? की दोन्ही वाचताना "यात प्रोसेसर कुठला होता?" असं मनात आलं? हे उत्तर महत्त्वाचं आहे. तिसऱ्या वर्षातला कुठला पेपर तुम्ही परीक्षेला लागतं त्यापेक्षा जास्त वाचला, हेही आठवा. चिप डिझाइनची ओढ असेल तर आज घरबसल्या बरंच करता येतं: आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑक्टेव्ह आणि सायलॅब फुकट आहेत, एनपीटीईएलवर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं २००३ पासून साठत आली आहेत. आपल्या कॉलेजात एखादा विषय नीट शिकवला गेला नाही ही तक्रार खरी असेल, पण आज तिच्यावर थांबून राहायचं कारण उरलेलं नाही. एनपीटीईएलचा अभ्यासक्रम करून केंद्रावर जाऊन त्याची परीक्षा द्या. अर्जात ते प्रमाणपत्र दिसतं, आणि तुम्हाला तो विषय झेपतो का हे आधी तुम्हालाच दिसतं.

लातूर पॅटर्नबद्दल इथं बोललं पाहिजे, कारण आपली बहुतेक मुलं त्यातूनच आलेली असतात. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी एका दुष्काळी भागातल्या मुलांना मेहनतीची जी सवय लावली तिचं मोल मी कधीच कमी करणार नाही. सराव चाचण्या, पेपर सोडवून चुका तपासणं, वेळापत्रक पाळणं, हे सगळं गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला, जसंच्या तसं कामाला येतं. पण त्या पॅटर्नमध्ये प्रश्न छापून येतो आणि उत्तर सरांकडं असतं. मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षात उत्तर गाइडकडंही नसतं. मराठवाड्यातली उत्तम गुणांची मुलं पहिल्या सत्रात नऊच्या वर सीजीपीए काढतात आणि प्रबंधाला लागली की गांगरतात, हे मी वारंवार पाहिलंय. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणू नका. पुण्यात किंवा नांदेडातच दहा हजारांत तयार किट मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दहा हजारांत तुम्ही तुमची एकमेव तालीम विकता.

आता गेटकडं वळू. देशात शिकायचं असेल तर हाच राजरस्ता आहे, आणि परदेशी जायचा विचार असला तरी मी तो देऊन ठेवायला सांगतो. पेपर १०० गुणांचा, ६५ प्रश्न, तीन तास. त्यातले १५ गुण अॅप्टिट्यूडचे आणि साधारण १३ गणिताचे. म्हणजे पाव भागाहून जास्त गुण मूळ विषयाबाहेरचे आहेत, आणि आपली मुलं नेमकी तिथंच कच्ची राहतात, कारण गणिताचे पेपर दुसऱ्या वर्षीच संपलेले असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त एक पर्याय निवडायच्या प्रश्नांत: एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. आकडा टाइप करायचा असतो त्या प्रश्नांना आणि अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना कापाकापी नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचा वापरावा लागतो. तो हळू चालतो. घरी सरावाच्या वेळी तोच वापरा, नाहीतर परीक्षेत दहा-बारा मिनिटं तिथंच जातील. गुण तीन वर्षं चालतात आणि तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षा देता येते. माझा आग्रह असा की तिसऱ्या वर्षी एकदा द्याच. निकाल कसाही लागो, पुढच्या वर्षी हॉलमध्ये हात थरथरत नाहीत.

इलेक्ट्रिकलवाल्यानं इलेक्ट्रिकलचाच पेपर दिला पाहिजे असं नाही. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर सायन्स यांचे पेपर आहेत, आणि २०२४ पासून डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा वेगळा पेपर आहे. मान्य जोड्यांपैकी दोन पेपर एकाच वर्षी देता येतात. पण कुठल्या आयआयटीच्या कुठल्या शाखेला कुठला पेपर चालतो हे त्या-त्या विभागाच्या माहितीपत्रकात बघून मगच निवड करा.

फॉर्म भरताना एक गोष्ट आपल्या भागात हमखास चुकते, ती जातीच्या दाखल्याची. राज्यात बंजारा, वंजारी, धनगर हे विमुक्त-भटक्या गटांत येतात. केंद्राच्या यादीत ते ओबीसीत आहेत. गेट आणि आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, तेही चालू आर्थिक वर्षातलं. राज्याचा व्हीजेएनटीचा दाखला जोडून मोकळं झालेली मुलं ऐन प्रवेशाच्या वेळी खुल्या गटात ढकलली गेलेली मी पाहिली आहेत. मराठा समाजाच्या मुलांसाठी केंद्रात एसईबीसी असा गट नाही. उत्पन्नाच्या आणि जमिनीच्या निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा लागतो. तो निकष आठ लाखांच्या आत उत्पन्न आणि पाच एकरांपेक्षा कमी शेती असा आहे. कोरडवाहू सहा एकरवाला घरात कितीही ओढाताण असली तरी त्यात बसत नाही, हे आपल्या भागावर अन्याय करणारं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम तसा आहे. तहसीलला अर्ज जूनमध्येच करून ठेवा.

परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. त्यानंतर दोन वेगळ्या रांगा लागतात. आयआयटींना प्रत्येकीच्या संकेतस्थळावर वेगवेगळा अर्ज करायचा आणि शिवाय कोॲप या सामायिक पोर्टलवर नोंदणी करायची, कारण प्रवेशाचा देकार तिथंच येतो आणि तिथंच स्वीकारायचा असतो. एनआयटी आणि ट्रिपल आयटींसाठी सीसीएमटी नावाची एकत्र प्रक्रिया आहे. आयआयटीला अर्ज केला पण कोॲपवर नोंदणी राहिली, म्हणून जागा हुकलेला एक मुलगा माझ्याच वर्गातला होता. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात आणि गेटवाल्यांना प्राधान्य मिळतं.

गेटचा पैशाशीही संबंध आहे. गेट पात्र विद्यार्थ्याला एआयसीटीईची महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती २४ महिने मिळते. नांदेडात राहून शिकणाऱ्याचा खोलीचा आणि मेसचा खर्च त्यात भागतो. घरी पैसे मागावे लागत नाहीत, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात किती मोठी आहे हे मला सांगायला नको. आयआयटी मुंबईत टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून गेलात तर दोन वर्षं, आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून प्रयोगशाळेचं काम सांभाळत गेलात तर तीन वर्षं लागतात. मुलं आरएला कमी समजतात. मला तो सौदा चांगला वाटतो, तिसऱ्या वर्षी हातात खरं कौशल्य आलेलं असतं. संशोधनाची आवड असेल तर आयआयएस्सीचं एम.टेक. रिसर्च किंवा आयआयटींचं एम.एस. बघा, तिथं गेटवरून मुलाखतीला बोलावतात आणि मुलाखतीत तुमचा मूळ विषय किती पक्का आहे ते खरवडून बघतात.

मग घराजवळ राहून एम.टेक. करावं का? विष्णुपुरीतली श्री गुरू गोबिंदसिंघजी संस्था १९८१ सालची आहे, सरकारी अनुदानावर चालणारी, स्वायत्त, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.पर्यंत सोय असलेली. लातूरचं एम. एस. बिडवे कॉलेजही १९८३ पासून उभं आहे. माझं मत असं: तुम्हाला ज्या विषयात काम करायचंय त्यात तिथं लिहिणारा, प्रयोगशाळेत बसणारा प्राध्यापक असेल तर संकोच न करता प्रवेश घ्या. त्यांचे अलीकडचे तीन शोधनिबंध वाचा, जाऊन भेटा, आत्ता तिथं शिकत असलेल्या दोन मुलांशी मेसमध्ये बसून बोला. पण बी.टेक. संपलं, नोकरी लागली नाही, घरी काय सांगायचं म्हणून एम.टेक. करणार असाल तर करू नका. ती दोन वर्षं परत मिळत नाहीत. त्यापेक्षा सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम, सी-कॅट देऊन, जास्त लवकर पायावर उभं करेल.

सी-डॅकचं नाव निघालंच आहे तर तिच्या पहिल्या संचालकांबद्दल सांगतो. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९६५ मध्ये त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पदवी घेतली. मास्टर्स त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये केलं आणि १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएच.डी. १९९१ साली परम हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात उभा राहिला. त्यांच्या मास्टर्सचं ठिकाण बडोदा होतं हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. आयआयटीत नंबर लागला नाही म्हणजे सगळं संपलं, असं रडवेल्या चेहऱ्यानं सांगणाऱ्या मुलांना तर नक्कीच.

परदेशाचा विचार पैशापासून सुरू करावा लागतो. अमेरिकेत ईसीईचं मास्टर्स साधारण ३० क्रेडिटचं, दीड ते दोन वर्षांचं. राहणं-खाणं धरून खर्च सहज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. शिक्षणानंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन, अशी तीन वर्षं काम करता येतं. त्यापुढं एच-वन-बी, जिच्या वर्षाला ८५,००० जागा आणि बाकी सोडत. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क अचानक जाहीर झालं, तेव्हा तिकडं शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी रात्रभर फोन वाजत होते. म्हणून हिशेब असा मांडा: तिथं तीनच वर्षं काम करून परत यावं लागलं तरी कर्ज फिटेल का? फिटत नसेल तर तो डाव आपला नव्हे.

कर्ज काढायला गेल्यावर आपल्याकडच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो असा की बँक शेती तारण घ्यायला तयार नसते. वीस एकर बागायत असली तरी. यामागं कायद्याचं कारण आहे. थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करता यावं म्हणून २००२ साली सरफेसी कायदा आला, आणि त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँक एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा ठेव मागते. गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, त्यावरही बँका कुरकुर करतात. मग माणसं शेत विकायला निघतात किंवा व्याजानं पैसे उचलतात. त्याआधी शिष्यवृत्त्या बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे. सगळ्यांसाठी जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. यांच्या जाहिराती वर्षातून एकदाच निघतात आणि मुदत थोडी असते.

जर्मनी आपल्या मुलांना जास्त परवडतं, आणि पॉवर, कंट्रोल, ऑटोमेशन या विषयांना तो देश उत्तमच आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही. अपवाद ठाऊक असू द्या: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून शुल्क सुरू केलंय. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात, ते दर महिन्याला ९९२ प्रमाणे आपल्यालाच परत मिळतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालंय, ते वेळेआधी काढा. तिथली विद्यापीठं तुमचा अभ्यासक्रम ओळ न् ओळ जुळवून बघतात. म्हणून विद्यापीठाचं सिलॅबस, शिक्का मारलेलं, कॉलेज सोडायच्या आधी घेऊन ठेवा. आणि जर्मन शिका. शिकवणं इंग्रजीत असलं तरी नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच मिळते.

आता एसओपी, म्हणजे अर्जासोबत आपण का आणि काय शिकणार हे सांगणारं निवेदन. मी दरवर्षी पन्नासेक वाचतो, आणि त्यातल्या बऱ्याचशांची सुरुवात "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" इथून होते. उदगीरच्या त्या मुलीनंही पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं, सल्लागाराच्या नमुन्यावरून. मी तिला म्हटलं, बाई, मोंढ्यातला आकडा कुठं गेला? तिनं ते पान फाडलं. नव्या पानाची सुरुवात अशी होती: आमच्या पोत्यातल्या सोयाबीनचा ओलावा तीन यंत्रांनी तीन वेगवेगळा सांगितला. पुढं ओव्हनची चाचणी, तापमानाचा परिणाम, स्वतः बसवलेलं सर्किट, त्यात काय चुकलं, आणि ती चूक दुरुस्त करायला आपल्याला कुठलं गणित येत नाही हे तिनं सरळ लिहिलं. ते गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या विभागालाच तिनं अर्ज केला होता. जर्मनीतून तिला प्रवेशपत्र आलं तेव्हा वडिलांनी मोंढ्यातल्या आडत्याला पेढे दिले.

शिफारसपत्राचंही तसंच आहे. विभागप्रमुखांची सही मोठी म्हणून त्यांच्याकडं धावू नका, ते तुम्हाला ओळखत नसतील तर पत्र पोकळ निघतं. ज्या सरांनी प्रयोगशाळेत तुमच्याबरोबर तास घालवले त्यांना दोन महिने आधी भेटा, प्रोजेक्टचं दोन पानी टिपण द्या, म्हणजे त्यांना लिहायला काही तरी मिळेल.

मुलींच्या आईवडिलांशी दोन शब्द. गेटचं शुल्क मुलींना निम्मं आहे, वसतिगृहं आहेत, आणि सुरक्षिततेची तुमची काळजी मला पूर्ण समजते. पण "आधी लग्न, मग बघू" म्हटलेल्या किती मुली परत अभ्यासाला बसल्या, हे तुमच्या गावात मोजून बघा. दोन वर्षं द्या त्यांना.

शेवटी कागदपत्रं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर तिसराच, आणि कुठं "शिंदे" तर कुठं "शिन्दे" छापलेलं. परदेशी विद्यापीठाला आणि व्हिसा अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. पासपोर्ट काढताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर धरा आणि आधार त्याप्रमाणं आधीच दुरुस्त करून घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज निकाल लागताच करा. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडातच आहे, पण कॉलेज लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं असेल तर कागद रायगड जिल्ह्यातून यायचे असतात, तेवढे दिवस हातात ठेवा.

मुखेडचा तो मुलगा आणि त्याचे वडील जानेवारीत पुन्हा आले. मधल्या दोन महिन्यांत मुलानं गावातल्या टोकाच्या डीपीवर रोज तीन वेळा व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं होतं, लाईनमनला बरोबर घेऊन. लाईट येते त्या पहिल्या मिनिटाचे आकडे त्यानं लाल पेनानं लिहिले होते. आठ विद्यापीठांची यादी फाईलमध्ये नव्हती. पॉवर सिस्टिम घ्यायची हे त्याचं ठरलं होतं, गेटचा फॉर्म तर आधीच भरलेला होता. वडिलांनी एकच गोष्ट विचारली, "परीक्षा फेब्रुवारीत म्हणजे ऐन हरभरा काढायच्या टायमाला. मग ह्याला गावाकडं बोलवायचं नाही ना सर?"

नका बोलवू, म्हटलं.